कुणाच्या मापाची चाळणी

दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघंही अमेरिकेतली. पहिला ५७ वर्षांचा. सोळाव्या वर्षी सिगारेट लागली, तेव्हापासून रोज आठ. हातात पैसे नसले की सुट्या घेतल्या, पण सुटली कधीच नाही. सलग ४१ वर्षं. दुसरा ५४ वर्षांचा. तिसाव्या वर्षी सुरुवात, रोज दोन पाकिटं, आणि चाळिसाव्या वर्षी सोडली ती सोडलीच. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीला यातल्या कुणाला बोलवायचं?

नियम दुसऱ्याला बोलावतो.

या नियमाच्या मुळाशी 'पॅक-इयर' नावाचं एक माप आहे. रोजच्या सिगारेटी भागिले वीस, गुणिले वर्षं. वीस अशासाठी, की पाकिटात वीस असतात. पहिल्याचा हिशेब: आठ भागिले वीस म्हणजे ०.४, गुणिले ४१, म्हणजे १६.४. दुसऱ्याचा: दोन गुणिले दहा, बरोब्बर २०. कुणाची कोणती तपासणी करावी ते सुचवणारं अमेरिकेतलं तज्ज्ञांचं मंडळ म्हणजे यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स. त्याचा २०२१ चा नियम असा: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि सिगारेट अजून चालू असेल किंवा सोडून १५ वर्षं उलटली नसतील, तर दरवर्षी लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणोत्सर्गाचा सीटी स्कॅन, करा. दुसरा यात बसतो. पहिला असाच ओढत राहिला तर त्याचे वीस भरतील वयाच्या ६६व्या वर्षी.

अर्जावर वंशाचा रकाना नाही. तरीही या गुणाकारात कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळा गळतो. कारण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची सिगारेटची सवय सर्वसाधारणपणे पहिल्या माणसासारखी आहे: रोज थोड्या, पण वर्षं पुष्कळ.

हे माप आलं कुठून, ते पाहायला हवं. २००२ ते २००४ या काळात अमेरिकेतल्या ३३ केंद्रांवर ५३,४५४ माणसांची एका मोठ्या चाचणीसाठी नोंदणी झाली. नाव नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल. वय ५५ ते ७४, किमान ३० पॅक-इयर, सोडली असेल तर १५ वर्षांच्या आत. निम्म्यांची वर्षाला एक अशी तीनदा लो-डोस सीटी केली, निम्म्यांचा छातीचा साधा एक्स-रे काढला. २०११ मध्ये निकाल आला: सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. या कॅन्सरच्या बाबतीत इतकी आशादायक बातमी त्याआधी क्वचितच आली असेल. पुढे नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीने २०२० मध्ये त्याला दुजोरा दिला.

पण त्या ५३ हजारांत कृष्णवर्णीय साडेचार टक्क्यांच्या आसपास होते. गोरे ९० टक्क्यांहून जास्त. चाचणीत भाग घेण्याच्या अटीच पुढे नियमाच्या अटी झाल्या. २०१३ मध्ये टास्क फोर्सने पहिली शिफारस केली ती थोड्याफार फरकाने याच आकड्यांची: ५५ ते ८० वय, ३० पॅक-इयर. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ज्यांच्या सवयी चाचणीत जेमतेम दिसल्या, त्यांच्या सवयी नियमातही दिसल्या नाहीत. आणि याच चाचणीची आकडेवारी नंतर वंशानुसार वेगळी करून तपासली, तेव्हा सीटीचा फायदा कृष्णवर्णीयांना जास्त झालेला दिसला. गोऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका साधारण १४ टक्क्यांनी घटला होता, कृष्णवर्णीयांमध्ये ३९ टक्क्यांनी. त्यांची संख्या लहान होती, म्हणून नेमका आकडा छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ज्यांना सर्वांत जास्त उपयोग होण्याची शक्यता, त्यांनाच दार सर्वांत अरुंद, हे चित्र मला अस्वस्थ करतं.

गुणाकाराचीच एक मोठी खोट आहे, आणि ती वंशाच्या चर्चेत पुरेशी पुढे येत नाही. १९७८ मध्ये रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास मांडला. त्यातून दिसलं की फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये रोज किती ओढली यापेक्षा किती वर्षं ओढली याचं वजन फार मोठं आहे. वर्षं वाढतात तसा धोका त्यांच्या चौथ्या-पाचव्या घाताच्या हिशेबाने चढतो. सिगारेटींच्या संख्येचा चढ त्यामानाने कितीतरी मंद. पॅक-इयर दोन्ही आकड्यांना एकाच तराजूत तोलतं. दहा वर्षं दोन पाकिटं आणि चाळीस वर्षं अर्धं पाकीट, त्याच्या लेखी दोन्ही वीसच. शरीराच्या लेखी या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

मग कृष्णवर्णीयांमध्ये 'थोड्या पण पुष्कळ वर्षं' ही सवय का? मेन्थॉलपासून सुरुवात करू. कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी दहात आठ जण मेन्थॉलची सिगारेट ओढतात. हे आपोआप झालेलं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखू कंपन्यांनी या वस्त्यांत मुद्दाम जाहिराती लावल्या, मासिकांत पानं विकत घेतली, गाड्या फिरवून फुकट सिगारेटी वाटल्या. मेन्थॉलचा गारवा घशाची जळजळ झाकतो, नवख्याला झुरका सोपा जातो, आणि सवय सोडणं अवघड होतं. २००९ च्या कायद्याने बाकी सगळ्या चवीच्या सिगारेटींवर बंदी आली. मेन्थॉल तेवढं वगळलं. २०२२ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि तंबाखूवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, देशभर बंदी आणण्याचा प्रस्ताव मांडला, २०२५ च्या जानेवारीत तो मागे घेतला गेला. म्हणजे वर्षं वाढवणारी वस्तू बाजारात राहिली, आणि नियम मोजणार गुणाकार.

एक-एक सिगारेटही सगळ्यांना सारखी लागत नाही. कॅलिफोर्निया आणि हवाईमधल्या १,८३,८१३ लोकांच्या अभ्यासात २००६ साली दिसलं, की रोज दहा किंवा त्याहून कमी सिगारेटी ओढणाऱ्यांत गोऱ्यांचा धोका कृष्णवर्णीयांच्या निम्म्याच्या आसपास होता. मूळ हवाईयन लोकांचा धोकाही कृष्णवर्णीयांसारखाच चढा. रोज तीसहून अधिक ओढणाऱ्यांत मात्र हा फरक पुसट झाला. १९९८ च्या एका अभ्यासात कृष्णवर्णीयांच्या शरीरात एका सिगारेटमागे जाणारं निकोटिन सुमारे ३० टक्के जास्त भरलं होतं. महाग वस्तू थोडीच परवडते तेव्हा माणूस ती खोलवर आणि टोकापर्यंत ओढतो, हेही त्यात असणार. हवा, नोकरीतली धूळ, घराशेजारचा कारखाना, हे सगळं वंशाच्या एका शब्दात दडलेलं असतं. म्हणून 'त्यांच्या रक्तातच आहे' असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

नियमाने नेमकी किती माणसं गाळली, ते २०१९ मध्ये आकड्यांत दिसलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बारा राज्यांत चाललेल्या सदर्न कम्युनिटी कोहॉर्ट स्टडीत बहुतेक माणसं गरिबांसाठीच्या आरोग्य केंद्रांतून घेतली होती आणि दोनतृतीयांश कृष्णवर्णीय होती. ज्यांना पुढे फुप्फुसाचा कॅन्सर झालाच, अशा धूम्रपान करणाऱ्यांपैकी जुन्या नियमात गोरे ५६ टक्के बसत होते, कृष्णवर्णीय ३२ टक्के. म्हणजे कॅन्सर होणाऱ्या तीन कृष्णवर्णीयांपैकी दोघांना तपासणीचं आमंत्रणच नव्हतं.

२०२१ चा बदल या आकड्यांनंतरचा. वय ५० वर आलं, माप २० वर. पात्र लोकांची संख्या जवळपास दुप्पट झाली. पण गुणाकार तसाच राहिला, म्हणून दरी अरुंद झाली, बुजली नाही. त्याच दक्षिणेतल्या लोकांवर नवा नियम लावून पाहिला तर कॅन्सर झालेल्यांपैकी गोरे ७४ टक्के पात्र, कृष्णवर्णीय ५७.६ टक्के. मग संशोधकांनी पॅक-इयर बाजूला ठेवून एकच प्रश्न लावला: वीस वर्षं ओढली का? उत्तर आलं ८२ आणि ८५.३. दरी गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दुसराही मार्ग आहे, पीएलसीओएम२०१२ सारखी सूत्रं वापरण्याचा. वय, शिक्षण, वजन, घराण्यातला कॅन्सर, सीओपीडी हा श्वासाचा जुनाट आजार आणि वंशही घालून ती पुढच्या सहा वर्षांचा धोका काढतात. अचूकता चांगली आहे. पण गर्दीच्या दवाखान्यात इतके रकाने भरायला वेळ कुणाला, आणि वंशाचा रकाना भरून औषधोपचार ठरवण्याचा इतिहास अमेरिकेत चांगला नाही. वर्षं मोजणं साधं आहे. कुठलीही नर्स तोंडी मोजेल.

नियम बदलेपर्यंतही बरंच काही दवाखान्यातच करता येण्यासारखं आहे. सगळ्यांत जास्त गळती होते ती 'रोज किती?' या प्रश्नावर. माणूस आजचा आकडा सांगतो. नोंदीत 'अर्धं पाकीट' असं एकदा टाइप झालं की दरवर्षी तेच पुढे सरकतं, आणि सोडल्याची तारीख कोरीच राहते. विचारायचं असं: पहिली कितव्या वर्षी ओढली? सर्वांत जास्त ओढत होता तेव्हा रोज किती? कमी कधी झाली? मध्ये किती वर्षं बंद होती? मग टप्प्याटप्प्याने हिशेब मांडायचा. आपला पहिला माणूसच घ्या. समजा, 'रोज आठ' हा त्याने सांगितलेला नुसता आजचा आकडा होता, आणि सोळा ते तीस या वयात तो रोज पाकीटभर ओढत होता, म्हणजे १४ पॅक-इयर. पुढची २७ वर्षं रोज आठ, म्हणजे १०.८. बेरीज २४.८. तोच माणूस, पण प्रश्न नीट विचारला तर आजच पात्र. पाच मिनिटांचं काम आहे. पण गरीब वस्तीतल्या केंद्रात एकाच भेटीत रक्तदाब, साखर, पायाची जखम आणि औषधांचे पैसे या सगळ्यांचा निकाल लावायचा असतो, तिथे हीच पाच मिनिटं पहिली कापली जातात. आणि मग म्हटलं जातं, 'त्यांचा डॉक्टरांवर विश्वास नाही.' १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं टस्कीगीत सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून निरीक्षण केलं; त्यानंतर अविश्वास नसता तरच नवल. पण ज्याला तपासणी आहे हे कुणी सांगितलंच नाही, त्याच्या गैरहजेरीचं खापर अविश्वासावर फोडू नये.

तपासणी स्वतः फारच सोपी आहे, आणि हे लोकांना सांगितलं पाहिजे. उपाशी राहायचं नाही, सुई नाही, डाय नाही. उताणं झोपायचं, हात डोक्यावर, एक श्वास रोखायचा, झालं. किरणोत्सर्ग सुमारे दीड मिलिसिव्हर्ट, छातीच्या नेहमीच्या सीटीच्या एकपंचमांशाच्या आसपास. रिपोर्टमध्ये 'लंग-रॅड्स' नावाची श्रेणी असते. १ किंवा २ आली तर वर्षाने परत या. पहिल्याच स्कॅनमध्ये सहा ते आठ मिलिमीटरच्या आतली घट्ट गाठ दिसली तर ३, सहा महिन्यांनी पुन्हा सीटी. आठ ते पंधराच्या आतली असेल तर ४ए, तीन महिन्यांनी. पंधरा किंवा मोठी असेल तर ४बी: पेट स्कॅन, बायोप्सी, पुढचं सगळं. घाबरवणारी गोष्टही लपवू नये. मूळ चाचणीत सीटीमध्ये संशयास्पद निघालेल्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक जणांना कॅन्सर नव्हता. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधीच सांगितलं नाही तर माणूस तीन महिने जीव मुठीत धरून बसतो, किंवा परत फिरकतच नाही.

परत न येण्यामागे पैसाही आहे. वर्षाची चाळणीची (स्क्रीनिंगची) सीटी विम्यात मोफत. पण सहा महिन्यांनी पुन्हा काढायची ती सीटी 'निदानाची' म्हणून गणली जाते आणि तिचं बिल अनेकदा रुग्णाच्या माथी येतं. टेक्सस, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या राज्यांनी गरिबांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेड, आणखी लोकांपर्यंत वाढवलेला नाही. तिथे कमी पगारावर काम करणाऱ्या, ६५ च्या आतल्या बऱ्याच माणसांकडे विमाच नसतो. जिथे एक समन्वयक नर्स सगळ्या रुग्णांची यादी ठेवते, तारखा लावते, फोन करते, तिथे पुढच्या तपासणीला येण्यातला वंशाचा फरक जवळपास दिसेनासा होतो. जिथे प्रत्येक डॉक्टर आपापलं पाहतो, तिथे तो दिसतो. यंत्र दोन्हीकडे तेच असतं.

आणि समजा गाठ वेळेत सापडली. पुढे? १९९९ मध्ये दहा हजारांहून अधिक वृद्ध रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा कॅन्सर पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातला, म्हणजे कापून काढता येण्याजोगा. शस्त्रक्रिया झाली गोऱ्यांपैकी ७६.७ टक्क्यांची, कृष्णवर्णीयांपैकी ६४ टक्क्यांची. पाच वर्षं जगले ते ३४.१ आणि २६.४ टक्के. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात मात्र दोन्ही वंशांचं जगणं सारखंच होतं. हे वाचताना पोटात कालवतं. ती माणसं दवाखान्यापर्यंत पोचली होती, रोग लवकर सापडला होता, उपाय माहीत होता.

याचं उत्तर शोधलं ते नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत. तिथले रहिवासी, डॉक्टर आणि संशोधक यांनी मिळून 'अ‍ॅक्युअर' नावाचा प्रकल्प उभारला. तिथलं कोन हेल्थ आणि पिट्सबर्गचं यूपीएमसी या दोन रुग्णालय-समूहांत तो चालला. केलं काय? संगणकात प्रत्येक रुग्णावर पहारा बसवला: अपॉइंटमेंट चुकली किंवा उपचाराचा अपेक्षित टप्पा ठरल्या मुदतीत आला नाही की इशारा वाजणार. इशारा जायचा एका खास प्रशिक्षित नर्सकडे, आणि ती रुग्णाला फोन करून अडचण काय ते विचारायची. गाडी नाही, सुट्टी मिळत नाही, डॉक्टर काय म्हणाले ते कळलंच नाही. आणि डॉक्टरांच्या गटांना त्यांच्याच रुग्णांचे आकडे वंशानुसार वेगळे करून दाखवले जायचे. आधी फुप्फुस आणि स्तनाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण करणारे गोरे ८७.३ टक्के होते, कृष्णवर्णीय ७९.८. नंतर झाले ८९.५ आणि ८८.४. दोघांचंही भलं झालं. मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती इशाऱ्याची. 'रुग्ण आला नाही' ही नोंद फाइलमध्ये नुसती पडून राहणं बंद झालं.

सोपी वाटणारी दुरुस्तीही कधी उलटी पडू शकते, त्याचं एक उदाहरण इथेच सांगतो. शस्त्रक्रियेआधी फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात. त्या स्पायरोमेट्रीत वर्षानुवर्षं कृष्णवर्णीयांसाठी 'नॉर्मल'च खालचं धरलं जायचं. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ती वंशाची दुरुस्ती काढायला सांगितलं, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे तीच फुंकर आता टक्केवारीत कमी दिसते, आणि टक्केवारीवर अडून बसणारा सर्जन 'झेपणार नाही' म्हणू शकतो. आकडा बदलला की त्यावर बेतलेला उंबरठाही पुन्हा तपासावा लागतो.

चाळणीतून अगदी वेगळ्या कारणाने निसटणारा एक गट आपल्या जवळचा आहे. अमेरिकेतल्या आशियाई स्त्रियांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नसते. पॅक-इयर शून्य, म्हणजे तपासणी शून्य. तैवानने २०२२ पासून जवळच्या नात्यात हा कॅन्सर असलेल्यांना, त्यांनी सिगारेट ओढलेली नसली तरी, सरकारी तपासणीत घेतलं आहे. तिथून सावधगिरीचा इशाराही येतो: कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठीही सापडतात आणि कापल्या जातात. शिवाय 'आशियाई' या एका रकान्यात चिनी, कोरियन, व्हिएतनामी आणि आपण सगळे एकत्र कोंबलेले आहोत. पूर्व आशियातल्या स्त्रियांचे आकडे जसेच्या तसे मराठी स्त्रीला लावता येणार नाहीत.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलाकडे राहायला आलेल्या मराठी वडिलांची गोष्ट आणखी निराळी. अर्ज सिगारेट विचारतो. त्यांनी ओढली विडी. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू कमी असते खरी, पण विडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात. 'स्मोकिंग?' असं विचारल्यावर पुष्कळजण 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या मनात स्मोकिंग म्हणजे सिगारेट. शेजारी मुलगा-सून बसलेले असले की उत्तर आणखी आखडतं. तेव्हा घरातल्यांनीच आधी निवांतपणे विचारून ठेवावं: विडी कधी लागली, विड्यांचा एक कट्टा किती दिवस पुरायचा, कधी सुटली. हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावं, आणि विडी म्हणजे काय हेही दोन ओळींत लिहावं.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट हवी: टीबी कधी झाला होता का. आपल्याकडच्या बऱ्याच फुप्फुसांत जुन्या टीबीचे डाग असतात, आणि तिथल्या रेडिओलॉजिस्टला ते पहिल्यांदाच दिसणार असतात. दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत तीच घट्ट गाठ त्याच आकाराची दिसली, किंवा चुना साठलेला डाग जुन्या एक्स-रेवरही त्याच जागी सापडला, तर बायोप्सीची सुई बहुतेक वेळा टळते. म्हणून सामान भरताना कपाटाच्या वरच्या फळीवरचं, कडा दुमडलेलं, पिवळं पडलेलं एक्स-रेचं पाकीटही बॅगेत टाकावं.